ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहावं

त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. पत्र चार ओळींचं होतं आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. उभा जन्म ग्रंथालयात काढलेल्या माणसाला एक शब्द सापडू नये, याबद्दल आमच्या ताईने मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. मी पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश उघडायचाच बंद केला.

‘काका,’ असं पत्रात होतं, ‘तुम्ही आमच्याकडच्या घरांमधून पंच म्हणून निवडून आलात. माझं मत तुम्हालाच होतं. मी काही मागत नाही. एवढंच सांगा, माझ्या मुलाला काचेमागे बसवायचं ठरलं तेव्हा तुम्ही उभे राहिला होतात का?’

लिहिणारी बाई दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवते. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्या वेळात ती माझ्या दारात आली असती. तरी तिने तिकीट लावून पत्र टपालाने पाठवलं. पंचांसाठी चर्चमध्ये एक पेटी आहे, पण त्या पेटीतली पत्रं आधी अध्यक्ष वाचतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

‘उभे राहिलात का’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आमच्या चर्चचा कारभार सात पंच पाहतात. पाळकसाहेब उपासना चालवतात, प्रवचन देतात, लग्नं लावतात, माणूस गेला की माती देतात. पण छप्पर कधी शाकारायचं, सभागृह कोणाला वापरू द्यायचं, बाकं कुठे ठेवायची, हे मंडळीने मतं देऊन निवडलेले पंच ठरवतात. पाळकांना बैठकीत बसता येतं, मत देता येत नाही. ही पद्धत मला चांगली वाटत आली आहे आणि इतकं सगळं होऊनही अजून वाटते. पाळक येतात, बदलून जातात. मंडळी इथेच असते, इथेच पुरली जाते. घर कसं चालवायचं ते घरातल्यांनीच ठरवावं. खोट एवढीच, की घरातल्याच एखाद्याच्या अंगात मालक संचारतो, आणि बाकीचे पाहुण्यासारखे अवघडून बसतात.

मी पंच झालो त्यात माझं कर्तृत्व काही नाही. दोन गटांचं भांडण होतं आणि दोघांनाही चालेल असा माणूस हवा होता. माझं कोणाशी वाकडं नव्हतं, कारण माझं कोणाशी बोलणंच नव्हतं. “तुला निवडलं नाही रे, तुझ्यावर समेट केला,” असं ताई म्हणाली.

आमचे अध्यक्ष बांधकामाचे कंत्राटदार. सगळे त्यांना कंत्राटदारच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. पूर्वी बैठकीत हात वर करून मतं द्यायचे. मोजणीवरून वाद व्हायचे, एकदा एकाने दोन्ही हात वर केले. कंत्राटदार अध्यक्ष झाल्यावर म्हणाले, “हात मोजायला आपण काय शाळेत आहोत? ज्यांना मान्य आहे त्यांनी बसून राहा. ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहावं.” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. होकार द्यायला काहीच करावं लागत नाही आणि नकार द्यायला सगळ्यांच्या नजरा झेलत उठावं लागतं, हे मला फार उशिरा उमगलं. त्यात बैठकीच्या खोलीत कंत्राटदारांनी आपल्या जुन्या ऑफिसातल्या गुबगुबीत खुर्च्या भेट म्हणून आणून ठेवल्या. त्या इतक्या खोल की माझ्या गुडघ्यांना त्यांतून वर येणं म्हणजे विहिरीतून वर येणं.

बाकी सगळे ठराव बहुमताने होतात. पण मंडळीतल्या कोणालाही उपासनेच्या जागेपासून दूर करायचं असेल, तर सातही पंचांचं एकमत लागतं. एक जरी उभा राहिला, तरी प्रश्न सगळ्या मंडळीपुढे जातो. निवडून आल्यावर प्रत्येक पंच हा नियम वेदीपुढे मोठ्याने वाचतो. मीही वाचला होता. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला नाही, असं ताई म्हणाली होती, ते वेगळं.

आता शिवणकामवाल्या बाईंचा मुलगा. वय तिशीचं, अंगाने दाराएवढा, मनाने पाच वर्षांचा. आई त्याला बाळ म्हणते, म्हणून सगळे बाळ म्हणतात. बाळला फार शब्द येत नाहीत, पण एक शब्द त्याला मनापासून आवडतो. पाळकांनी प्रवचनात श्वास घेतला, की बाळ “आमेन!” म्हणतो. खणखणीत. सुरुवातीला नवखे लोक दचकतात, मग सवय होते. आधीचे पाळक म्हणायचे, “हा नसता तर मी कुठे थांबावं हे मला कळलंच नसतं.”

एका रविवारी उपासनेनंतर कंत्राटदार नव्या गालिच्याबद्दल बोलायला उभे राहिले.

“हा गालिचा माझ्या देखरेखीखाली अंथरला आहे,” ते म्हणाले आणि थांबले.

“आमेन!”

“तेव्हा बूट पुसून आत यावं.”

“आमेन!”

“मी स्वतःबद्दल बोलत नाही, पण...”

“आमेन!”

मंडळी हसली. खदखदून हसली. पाळकसाहेबांनी ओठ चावला, तो मी पाहिला. मी स्वतःही हसलो. कंत्राटदारांचे कान लाल झाले. ते लाल कान मी पाहिले, आणि तेव्हाच समजायला हवं होतं.

पुढच्याच बैठकीत ठराव आला. मागच्या बाजूला तान्ह्या मुलांच्या आयांसाठी काचेची एक खोली आहे. तिथे बाळ आणि त्याच्या आईने बसावं, असा.

“आपण काय त्याला बाहेर काढतोय का?” कंत्राटदार म्हणाले. “आतच आहे की तो. मधे काच, बस. मी माझ्या पदरचा स्पीकर बसवून देतो. त्याला सगळं ऐकू येईल.”

पंचांमध्ये एक नर्सबाई आहेत. त्या म्हणाल्या, “आणि त्याचं?”

“त्याचं काय?”

“त्याचं आपल्याला ऐकू येईल का?”

“बाई, त्यासाठीच तर काच आहे!”

दाताचे डॉक्टरही पंच आहेत. ते हसून म्हणाले, “माझ्याकडे येतात असे पेशंट. तोंड उघडा म्हटलं की मिटतच नाहीत.” कंत्राटदारांचे मेहुणेही पंच. ते डॉक्टरांपेक्षा मोठ्याने हसले. पाळकसाहेब तरुण आहेत, नवे आहेत. ते चहाच्या कपाकडे पाहत होते.

“जागेपासून दूर करण्याचा ठराव आहे, म्हणून एकमत लागेल,” कंत्राटदार म्हणाले. “ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहावं.”

नर्सबाई चुळबुळल्या. त्यांच्या मुलाला कंत्राटदारांकडे नोकरी आहे. त्या बसून राहिल्या.

मी उठायला लागलो. खरंच लागलो. आधी चष्मा सावरला, मग खुर्चीच्या हातांवर जोर दिला. एकदा उठलो, परत आत गेलो. दुसऱ्यांदा अर्धा वर आलो तेव्हा कंत्राटदारांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी मला पाहिलं. याबद्दल मी पुढे कित्येकदा स्वतःशी शंका घेतली, पण आज शपथेवर सांगतो, त्यांनी मला पाहिलं. आणि माझे गुडघे सरळ व्हायच्या आत ते म्हणाले, “चला, प्रार्थना करू या. पाळकसाहेब.”

प्रार्थनेला आम्ही उभे राहतो. सगळे खडबडून उभे राहिले. मीही उभाच होतो. सात उभ्या माणसांमध्ये मी आठवा, आणि माझा विरोध तोंडात तसाच, न चावता न गिळता. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. मीही मिटले. प्रार्थना संपली तेव्हा लहानपणापासूनच्या सवयीने माझ्याच तोंडून सगळ्यांबरोबर निघालं, “आमेन.”

घरी आलो तर ताई वाटच पाहत होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिला सगळं ऐकू येतं, फक्त मी ‘पुरे’ म्हणतो ते येत नाही.

“उभा राहिलास?”

“राहिलो.”

“शाबास! मग?”

“मग सगळेच उभे राहिले.”

“सगळे विरोधात?”

“नाही गं. प्रार्थनेला.”

“म्हणजे आयुष्यात एकदा तू उभा राहिलास,” ती म्हणाली, “आणि त्यावर देवाचं नाव घेऊन पांघरूण घातलं. तोंडाने सांगायला काय झालं होतं? डोळे मिटण्याआधी ओरडायचं!”

“प्रार्थनेत ओरडायचं?”

“ते पोर ओरडतं ना? त्याला काचेत घातलं. तुला तर काचेचीही गरज नाही.”

त्याच आठवड्यात पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो. ‘हो, उभा राहिलो,’ असं लिहिलं, तर पुढचं वाक्य सुचेना. हो म्हणावं तर ठराव ‘सर्वानुमते’ झाला असं फलकावर लागलेलं, आणि खाली माझंही नाव. नाही म्हणावं तर तेही खरं नव्हतं. मग मला वेगळीच शंका येऊ लागली. मी खरंच विरोधासाठी उठत होतो का? की बैठक संपत आली हे ओळखून, बरीच वर्षं अंगवळणी पडल्याप्रमाणे, प्रार्थनेसाठीच उठत होतो? रात्री अंथरुणावर पडून मी ते उठणं पुन्हा पुन्हा उठून पाहिलं. माझ्यासारख्या माणसाचं असंच होतं. दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय आम्ही आधी स्वतःवर तपासून बघतो, जमतोय का ते.

रविवारी काचेमागे बाळ बसलेला होता. शेजारी आई, मान खाली. पाळकसाहेबांनी प्रवचनात श्वास घेतला आणि मी मागे वळून पाहिलं. बाळचं तोंड उघडलं, मिटलं. आवाज नाही. पुढच्या श्वासाला पुन्हा उघडलं. तो हसत होता. आपला आवाज पोचत नाही, हे त्याला कळलं नव्हतं. तिसऱ्या वेळेला त्याने काचेवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहत राहिला. माझ्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ बायकोला म्हणाले, “किती शांत वाटतं नाही आता?”

मला राग येत नाही, असं मी आयुष्यभर समजत होतो. पुस्तकांमधला राग मला ओळखता यायचा, कोणत्या पात्राला का आला हेही सांगता यायचं. स्वतःच्या पोटात आला तेव्हा मला वाटलं पित्त झालं.

असे काही रविवार गेले. मग एकदा मागे पाहिलं तर काचेच्या खोलीत कोणी नव्हतं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि कोपऱ्यात जुन्या गालिच्याची गुंडाळी. दारात नर्सबाई भेटल्या, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “ती आता येत नाही. म्हणते, घरी निदान त्याचा आवाज तरी निघतो.”

मी घरी गेलो आणि जेवलो नाही. ताईने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, “पित्त.” ती म्हणाली, “पित्त नाही ते. आता तरी बाहेर काढ.”

पुढची बैठक आली. मी सगळ्यांच्या आधी गेलो, माझ्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. एकेक जण आला. “बसा की,” म्हणाला. मी “असू दे” म्हणालो.

“मूळव्याध का?” दाताच्या डॉक्टरांनी विचारलं. “लाजू नका, माझा एक मित्र आहे त्यातला.”

कंत्राटदार आले. “काका, बसा.”

“नको.”

“अहो, आम्हाला अवघडल्यासारखं होतं.”

“होऊ दे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचला गेला. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या शब्दांशी मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. कंत्राटदार म्हणाले, “आता हात वर नसतात काका. विरोध असेल तर उभं...” आणि थांबले.

“मी उभाच आहे,” मी म्हणालो. “मागच्या बैठकीत उभा राहिलो होतो. त्या ठरावाच्या विरोधात. तेव्हापासून अजून बसलेलो नाही.”

मेहुणे हसले. कोणी साथ दिली नाही, म्हणून थांबले.

“मागच्या वेळी तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात,” कंत्राटदार शांतपणे म्हणाले.

“प्रार्थना तुम्ही मी उठल्यावर सुरू करवलीत. तुम्ही मला पाहिलंत.”

“मी काय पाहिलं हे तुम्ही मला सांगणार?”

“हो.”

“आमेन म्हणालात की!” कंत्राटदारांचा आवाज चढला. “मी या कानांनी ऐकलं. सगळ्यांत स्पष्ट तुमचं होतं. विरोध होता तर आमेन कशाला म्हणालात?”

इथे मी कोसळणार होतो. कारण ते खरं होतं, आणि रात्री-रात्री मी स्वतःला हेच विचारत होतो. पण त्या प्रश्नात असं काहीतरी होतं की माझी लाजच जळून गेली.

“म्हणालो!” मी ओरडलो. खरंच ओरडलो, कपबशी वाजली. “चुकीच्या वेळी म्हणालो. जिथे म्हणायला नको होतं तिथे म्हणालो. चुकीच्या वेळी आमेन म्हणणाऱ्याला काचेमागे बसवायचं, हाच ना तुमचा ठराव? मग पहिली खुर्ची माझी! त्या पोराने तुमच्या गालिच्याला आमेन म्हटलं, मी तुमच्या लबाडीला म्हटलं. कोणाचं पाप मोठं, सांगा!”

“जिभेला आवरा, काका!”

“जन्मभर आवरली. तेवढ्यासाठीच तुम्ही मला निवडून दिलंत! लोक आपल्याला कशासाठी पाठवतात हो इथे? ज्याला उपासनेत दोन शब्द बोलता येत नाहीत, त्याच्या वतीने बोलायला. आपण इथे येऊन त्याचा एकच शब्द होता तोही काढून घेतला. का? तर तुम्हाला लोक हसले! अहो, मीही हसलो होतो. मला का नाही बसवलंत काचेत?”

नंतर पुष्कळ चांगली वाक्यं मला सुचली. त्या वेळी एवढीच सुचली आणि तीही अडखळत. डॉक्टर दात न दाखवता बसले होते. कंत्राटदारांचे कान पुन्हा लाल झाले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि एकदम आवाज मऊ केला.

“वातावरण तापलंय. अशा वेळी आपण देवाकडे वळावं. चला, प्रार्थना करू या. पाळकसाहेब.”

आणि काय सांगू, सगळे उठले! सवयच ती. गुबगुबीत खुर्च्या फुसफुसल्या आणि माझ्याभोवती पुन्हा तीच उभी माणसं. मी पुन्हा हरवलो. मला हसू आलं की रडू, आठवत नाही.

पण प्रार्थना सुरू झाली नाही.

पाळकसाहेब एकटे बसलेले होते. हातातला कप त्यांनी खाली ठेवला. “मला इथे मत नाही,” ते म्हणाले. “ते बरोबरच आहे, कारभार तुमचा. पण प्रार्थना माझी आहे. ती मी आत्ता करणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांनी खाली बसा. मग कोण उभं राहतं ते मी मोजतो. मागच्या वेळी मी कपात बघत होतो. आज बघत नाही.”

एकेक जण बसला. कंत्राटदारही बसले. मी उभा राहिलो. मग शेजारच्या खुर्चीने पुन्हा फुसकारा सोडला आणि नर्सबाई उठून माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पर्स छातीशी घट्ट धरली होती.

“दोन,” पाळकसाहेब म्हणाले.

एक पुरला असता. वृत्तान्तातला ‘सर्वानुमते’ हा शब्द खोडला गेला. प्रश्न आता सगळ्या मंडळीपुढे जाणार, आणि तोवर जुनीच रीत चालू. कंत्राटदार निघताना माझ्यापाशी थांबले. “पुढच्या निवडणुकीत बघू, काका.”

“बघू,” मी म्हणालो. “मी उभा असेन.”

मंडळी काय ठरवील, सांगता येत नाही. शांतता आवडणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि ती सगळी वाईट नाहीत. नर्सबाईंच्या मुलाच्या नोकरीचं काय होईल, तेही माहीत नाही. त्या बाबतीत कंत्राटदारांविरुद्ध मी फारसं काही करू शकणार नाही. पण राग गेलेला नाही. तो मी जपून ठेवला आहे. तो लागेल.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि एका बैठकीत उत्तर लिहिलं. ताई मागे उभी राहून वाचत होती.

‘बाई, तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की, उभा राहिलो होतो, पण कोणाला दिसलो नाही. आज दिसलो. तुम्ही दोघं कुठेही बसू शकता. मंडळीपुढे प्रश्न येईल त्या दिवशी बाळला घेऊन या. तिथे पुन्हा उभं राहावं लागेल, आणि गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात कोणी प्रार्थना सुरू केली, तर बाळला मधेच आमेन म्हणू द्या.’

“नेऊन दे ना हातात,” ताई म्हणाली. “दोन गल्ल्या तर आहेत.”

“तिने तिकीट लावलं होतं,” मी म्हणालो.

ताईने मुकाट्याने तिच्या डब्यातून तिकीट काढून दिलं. आमच्या घरात ती पहिल्यांदाच मुकाट्याने काही करत होती. शिवणकामवाल्या बाईंच्या घरावरून जाताना आत शिलाई मशीन चालू होतं. मशीन क्षणभर थांबलं, आणि आतून खणखणीत आवाज आला, “आमेन!” मशीन पुन्हा सुरू झालं. मी थांबलो नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो, पाकिटावरचा पत्ता चष्मा वर करून एकदा वाचला, आणि पत्र आत टाकलं.